आषाढातला मूकपट

सिनेमागृहाला 'टॉकीज' म्हणायची पद्धत पडली ती पडदा बोलू लागल्यावर. १४ मार्च १९३१ ला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि सिनेमाला वाचा फुटली. मालवणकडच्या आमच्या टॉकीजमध्ये ती वाचा मिरगापर्यंतच टिकायची. एकदा पाऊस धरला की छपराच्या पत्र्यावर असा ताशा कडाडायचा, की नायक नायिकेला काय सांगतोय ते त्या दोघांतच राहायचं. वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या किनारपट्टीवर थेटराला पत्रे घालणाऱ्या माणसाचं मला अजून कौतुक वाटतं.

बरं, पाऊस छपरावरच थांबत नसे. आमच्याकडे फिल्मची 'पेटी' यायची ती मोठ्या शहरांत चालून चालून दमलेली. शेकडो वेळा मशीनमधून गेलेल्या फिल्मवर उभे ओरखडे पडतात आणि पडद्यावर ते थेट पावसाच्या धारांसारखे दिसतात. त्यामुळे वाळवंटातल्या उंटांनाही आम्ही भिजताना पाहिलंय.

ऑपरेटरच्या खोलीत मी एकदाच डोकावलो. मशीनच्या पोटात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळत होत्या. जळतील तसं त्यांच्यातलं अंतर वाढतं, म्हणून त्या सारख्या जवळ आणाव्या लागतात. ऑपरेटर विडी ओढायला गेला की पडद्याला कावीळ व्हायची, मग अंधारून यायचं आणि खालून शिट्ट्या सुरू. मशीनं दोन, एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जायचा, म्हणजे आता दुसरं मशीन चालू करा. हे गुपित कळल्यापासून माझा निम्मा सिनेमा त्या कोपऱ्याकडे बघण्यात गेला.

गोष्ट कळायची ती आजीकडून. मूकपटांच्या काळात पडद्यावरच्या पाट्या न वाचता येणाऱ्यांना कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवत असे. आमच्याकडे पाट्याही नव्हत्या, आजी होती. माझ्या कानाशी तोंड आणून ओरडायची, "ती तेची बायल न्हय रे, भयण ती!" मागच्या बाकावरचे लोकही पुढे वाकून ऐकत. मध्यंतरात शेंगदाण्याच्या पुडीबरोबर दुसऱ्या बाकांवरच्या आवृत्त्याही हातात यायच्या, पण आजी आपली गोष्ट बदलत नसे. दशावतार बघत वाढलेली बाई. मुखावळा बघून कोण राजा आणि कोण संकासुर हे तिला कळायचंच.

पुढे फिल्मची पेटी इतिहासजमा झाली, सिनेमा उपग्रहावरून यायला लागला. आमची टॉकीज मात्र त्याच्या आधीच बंद पडली. आता तिथे सिमेंटच्या गोण्या ठेवतात. पत्रा तोच आहे, म्हणजे सिमेंटचं काय होत असेल देव जाणे.

गेल्या पावसाळ्यात त्यातलाच एक सिनेमा मोबाइलवर सापडला. स्वच्छ, एकही ओरखडा नाही. कानात यंत्र खुपसून पहिल्यांदाच सगळे संवाद ऐकले. ती त्याची बहीण नव्हती. वकिलाच्या वेषात शेवटी येतो तो तिचा हरवलेला बापही नव्हता, नुसताच वकील होता, आणि त्याला काम एवढंच की तारीख मागायची. आजीने त्याला बाप करून, लेकीच्या गळ्यात पडून, पंगत घालून घरी पाठवला होता.

शेवटी मी कानातलं काढून ठेवलं. बाहेर पाऊस होताच.