खासगी आणि दौलत

सोळाव्या शतकातील इंग्रजी हस्तलिखिते वाचून त्यांची शब्दशः नक्कल उतरवणे हे माझे काम आहे. त्या दिवशी संगणकाच्या पडद्यावर आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचे कागद होते. मराठा दप्तरांतील मोडी वाचून तयार झालेली माझी नजर खासगी म्हणजे घरचा आणि दौलत म्हणजे राज्याचा, असे दोन वेगळे हिशेब शोधते. या दप्तरात ती सोय नाही. १० जून १५४० रोजी त्याला राजाच्या सल्लागार मंडळाच्या बैठकीतच अटक झाली, त्याचे कागद जप्त झाले, आणि घरचे-दारचे असे काही न निवडता ते सरकारजमा झाले. त्याला आलेली पत्रे म्हणूनच विपुल सापडतात. त्याने धाडलेल्या पत्रांच्या स्थळप्रती, म्हणजे स्वतःकडे ठेवलेल्या नकला, मात्र थोड्याच.

सकाळ त्याच्या स्मरणयाद्यांत गेली. त्यांतील प्रत्येक बाब 'आयटेम' या शब्दाने सुरू होते, आपल्या जुन्या याद्यांतील 'कलम' जसे. १५३९ च्या एका कलमात रेडिंगच्या मठाधिपतीला तेथे पाठवून त्याची चौकशी करावी आणि त्याला देहान्त शासन द्यावे, असे एका दमात लिहिले आहे. न्यायाधीशांना मग काम काय उरले, हा प्रश्न मला त्या ओळीवर दोनदा थांबवून गेला.

त्याचा हिशेबनीस थॉमस एव्हरी याच्या खर्चाच्या नोंदींत सप्टेंबर १५३८ मध्ये कँटरबरीजवळ खेळ केल्याबद्दल 'बेल आणि त्याचे सोबती' यांना ४० शिलिंग दिल्याचे दिसते. हेन्रीने पोपची सत्ता झुगारली होती; जॉन बेलची नाटके पोपविरोधी होती आणि त्याच महिन्यात कँटरबरीतील संत बेकेटचे समाधिस्थान उखडण्यात आले. बिदागी घरखर्चातली, काम राज्याचे.

दिवस कलताना जुलै १५२९ च्या मृत्युपत्राचा मसुदा उघडला. तेव्हा क्रॉमवेल हेन्रीचा त्या वेळचा मुख्य मंत्री कार्डिनल वुल्सी याच्या पदरी असलेला वकील होता आणि पत्नी एलिझाबेथ वारली होती. मुलगी ॲन हिला १०० मार्क, धाकटी ग्रेस हिलाही १०० मार्क, असा मजकूर आहे. मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स. प्रत्येकीच्या वाट्याला साडेसहासष्ट पौंडांहून थोडे अधिक. त्या ओळींवरून गेलेली रेघ मला आधी शाईचा ओघळ वाटली. प्रतिमा मोठी करून पाहिली, तर ती काट होती. अशा मसुद्यांत आकडा खोडला की दुसरा आकडा चढवलेला असतो; मुलगा ग्रेगरी याची रक्कम तशीच बदलून वाढवली आहे. मुलींच्या ओळींवर मात्र काहीच चढवलेले नाही. त्या दोघी वारल्याचे आपल्याला कळते ते या काटेवरूनच.

प्रत्येक धर्मग्रामाने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी, हा हुकूम पुढे १५३८ मध्ये याच माणसाने काढला.

आमच्या पद्धतीप्रमाणे खोडलेला मजकूर चौकटी कंसात घ्यायचा आणि समासात 'मूळ प्रतीत रद्द' असा शेरा लिहायचा. मी तो दोन वेळा लिहिला आणि पुढच्या कलमाकडे वळले.