एकाच नंबरावरच्या एकोणीस जणी

मोबाइलवरून दिल्या जाणाऱ्या आरोग्यसेवा कोणाकोणापर्यंत पोहोचत नाहीत, हे शोधणे हा आमच्या संशोधन गटाचा विषय आहे आणि त्यात डेटा स्वच्छ करण्याचे काम माझ्याकडे असते. हे काम वाचून कळण्यासारखे नाही. माहेरची कास्देकर सासरी बेठेकर झाली की नोंदींमध्ये एका बाईच्या दोन बायका होतात, वय दर वर्षी बदलते किंवा वर्षानुवर्षे तेच राहते, आणि शेवटच्या पाळीच्या तारखेच्या रकान्यात महिन्याची पहिली किंवा पंधरावी तारीख इतक्या वेळा येते की ती अंदाजाने लिहिली आहे हे लगेच ओळखू येते. अशा नोंदींसाठी मी नियम लिहिते. एकच मोबाइल नंबर तीनपेक्षा अधिक गरोदर स्त्रियांच्या नावापुढे आला तर ती भरताना झालेली चूक समजून त्या नोंदी विश्लेषणातून वगळाव्यात, हा नियमही माझाच.

मेळघाटातल्या धारणी तालुक्याच्या यादीत एका नंबरावर 19 जणी होत्या. नियमाप्रमाणे त्या गळाल्या. होळीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही त्याच गावात गेलो, कारण वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबे तेव्हा परत येतात आणि घरे उघडी सापडतात. अंगणवाडीत बसल्यावर खात्री करावी म्हणून मी तो नंबर फिरवला, तर फोन समोर बसलेल्या आशाताईंच्या पदरातून वाजला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत स्वतः वापरत असलेला मोबाइल देशातल्या 54 टक्के स्त्रियांकडेच होता, हे मी सादरीकरणांत अनेकदा सांगितले आहे. उरलेल्या स्त्रियांच्या नोंदीत नंबराचा रकाना कसा भरला जात असेल, याचा विचार मात्र मी केला नव्हता. नंबर भरल्याशिवाय नोंद पुढे सरकत नाही, म्हणून आशाताई स्वतःचा नंबर देतात. नवऱ्याचा नंबर दिला तर तो फोनसकट भट्टीवर जातो. ‘नंबर कोणाचा’ असा रकाना असतो, पण तो भरण्याची सक्ती नसल्यामुळे बहुतेक ठिकाणी रिकामा राहतो.

ज्या योजनेचा आम्ही अभ्यास करतो तिच्यात नोंद झालेल्या गरोदर स्त्रीला दर आठवड्याला ध्वनिमुद्रित फोन जातो आणि बाळ वर्षाचे होईपर्यंत तो चालू राहतो. ते 19 जणींचे फोन या बाई घेत होत्या. गावात रेंज एका टेकाडावरच मिळते, म्हणून त्या संध्याकाळी तिथे जाऊन बसत, निरोप ऐकत आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी कोरकूत सांगत. कोरकू मराठीच्या किंवा हिंदीच्या कुळातली भाषा नाही. मूळ निरोप त्या घरांत अर्धाही कळला नसता. आमच्या गटात एवढे नेमके काम करणारे कोणी नाही, असे मला त्या क्षणी प्रामाणिकपणे वाटले. या कामाचे त्यांना वेगळे काही मिळत नाही.

मग त्यांनी एका फोनची गोष्ट सांगितली. त्या 19 पैकी एकीचे बाळ दुसऱ्या महिन्यात गेले. कागदावरच्या नोंदवहीत मृत्यूची नोंद त्याच आठवड्यात झाली, संगणकातल्या नोंदीत ती उतरली नाही, आणि फोन येत राहिले. आम्ही गेलो त्याच्या आदल्या दिवशी, बाळाला सहा महिने पूर्ण झाल्याचा आणि आता वरचे खाणे सुरू करण्याचा निरोप आला होता. “हा मी तिला सांगत नाही, मॅडम,” त्या म्हणाल्या. “ऐकते आणि ठेवते.” मध्येच फोन तोडला तर तो पुन्हा येतो, म्हणून शेवटपर्यंत ऐकतात. आमच्या तक्त्यात असा प्रत्येक फोन ‘पूर्ण ऐकला’ म्हणून मोजला जातो.

परत आल्यावर मी नियम बदलला आणि त्या 19 नोंदी विश्लेषणात घेतल्या. त्यांना कोणत्या वर्गात घालावे यावर गटात अजून एकमत नाही. लाभार्थीऐवजी आशा सेविकेचा नंबर स्वीकारू नये, अशी शिफारस अहवालात असावी असे एका सहकाऱ्याचे मत आहे. आकडे त्याने स्वच्छ होतील हे खरे; पण शहरात बसून असा विचार करण्याची सवयच आमच्या क्षेत्राचे सर्वांत मोठे दुखणे आहे, असे मी बैठकीत बोलले आणि तो शब्द मागे घेतलेला नाही. निघताना आशाताईंनी विचारले होते, “तुम्ही हे लिहिल्यावर माझा नंबर काढतील का? मग हा फोन तिच्याच घरी जाईल ना?”

त्या बाळाची नोंद आम्ही वाचू शकतो, बदलू शकत नाही. तालुक्याला लेखी कळवून चार आठवडे झाले. आज सकाळी पाहिले तेव्हा ती तशीच होती. तिच्यातल्या जन्मतारखेप्रमाणे वर्ष पुरे व्हायला अजून 22 आठवडे आहेत.