निर्लेखनाच्या यादीतली 'बळी'

सोलापुरातल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. त्या दिवशी निर्लेखन चाललं होतं. म्हणजे फाटकी, कुणी न नेणारी पुस्तकं दाखल रजिस्टरातून कमी करायची. विभावरी शिरूरकरांची 'बळी' ही कादंबरी हातात आली. पानं सुटलेली, चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का अठरा वर्षांपूर्वीचा. नंबर यादीत टाकून मी मोकळी झाले.

दुपारी सेटलमेंट वस्तीतले एक काका आले. सत्तरीचे असतील.

"म्याडम, आमच्या तारेच्या आतल्या वस्तीवर कोना बाईनं कादंबरी लिवलीय म्हनं. बेडेकर बाई. हाय का?"

कॉम्प्युटरवर 'बेडेकर' टाकलं. मालतीबाईंचं 'घराला मुकलेल्या स्त्रिया' निघालं, कादंबरी नाहीच. 'नाही' म्हणता म्हणता जीभ चावली. मालतीबाई म्हणजेच विभावरी. माहेरच्या बाळूताई खरे. आमच्या नोंदीत मात्र त्या दोन वेगळ्या बायका, आणि ती नोंद माझ्याच हातची!

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' टोपणनावानं आलं, केवढा गदारोळ झाला, पाठोपाठ 'हिंदोळ्यावर', हे सगळं परीक्षेसाठी पाठ केलेलं. त्या इथल्याच, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत सरकारी अधिकारी होत्या आणि १९५० ची 'बळी' त्या अनुभवातून आली, हेही वाचलेलं. पण ती वसाहत म्हणजे रिक्षानं दहा मिनिटांवरचं सेटलमेंट, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

गठ्ठ्यातून पुस्तक काढून दिलं. काकांनी ते लगेच उघडलं नाही.

"सायबीण व्हती न्हवं? हजेरी घेनाऱ्यातली?"

"अधिकारी होत्या," मी म्हटलं. यापेक्षा बरं उत्तर सुचलं नाही.

खिडकीपाशी ते दोन तास वाचत बसले. मध्येच म्हणाले, "बावन्न साली तार तुटली, तवा आमचा बा मिलमधी व्हता." १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलेली माणसं ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटली. माझ्यासाठी ती आजवर नुसती तारीख होती.

उठताना म्हणाले, "काय काय खरं हाय. काय काय भाईरनं बगितल्यालं हाय. घरी न्यू का?"

सभासद नव्हते. माझ्या कार्डावर दिलं.

मग दोन्ही नावांच्या नोंदी एक करायला बसले. मुख्य नाव कोणतं ठेवायचं, इथं अडले. शेवटी पुस्तकावर छापलंय तेच ठेवलं, आणि 'बेडेकर' शोधलं तरी 'बळी' सापडेल अशी सोय केली.