मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

रंग बनवणाऱ्या एका ग्राहकाकडून माल परत आला, सोबत फोटो. हेगमन गेजवर, म्हणजे रंगातला कण किती जाड ते दाखवणाऱ्या उतरत्या खाचेच्या पट्टीवर, ओढलेल्या रंगाच्या थरात ५० मायक्रॉनच्या खुणेजवळ ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यामागे निघालेली बारीक रेघ. आमचा कॅल्साइट, म्हणजे रंगात मिसळायची खनिज पावडर, डी९७ १० मायक्रॉनचा, म्हणजे वजनाने ९७ टक्के कण त्याहून बारीक. कणांचे आकार मोजणाऱ्या लेझर अ‍ॅनालायझरचा रिपोर्ट काढला तर आलेख गुळगुळीत, १५ मायक्रॉनच्या पुढे काहीच नाही. लॅबचं म्हणणं पडलं की त्यांनी रंग नीट घोटला नसेल. या धंद्यात हे भांडण जुनंच आहे आणि पुष्कळदा दोष घोटण्यातच असतो, हेही खरं.

मला मात्र त्या रेघा खटकत होत्या. गुठळ्या असत्या तर पुन्हा घोटल्यावर फुटल्या असत्या. त्यांनी पुन्हा घोटूनही रेघा हटल्या नव्हत्या. म्हणून राखीव नमुन्यातली १०० ग्रॅम पावडर पाण्यात कालवून ४५ मायक्रॉनच्या, म्हणजे ३२५ मेशच्या चाळणीवर धुतली. दुधासारखं पाणी हळूहळू स्वच्छ झालं आणि जाळीच्या कडेला थोडी कणी उरली, चिमटीत येणार नाही एवढीच. बोटांत चोळली तर करकरली. वॉच ग्लासवर घेऊन खालून लोहचुंबक फिरवलं. काही हललं नाही, म्हणजे माल दळणाऱ्या बॉलमिलचं लोखंड नव्हे. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडला. कणी फसफसली आणि बघता बघता विरघळून गेली. वाळू असती तर तशीच राहिली असती. माल आमचाच होता, आणि दोषही.

लेझरला ती का दिसली नाही? १ ग्रॅम कॅल्साइटमध्ये १० मायक्रॉनचे साधारण ७० कोटी कण बसतात, त्याहून बारीक तर कितीतरी जास्त. अ‍ॅनालायझर चिमूटभर नमुना घेतो आणि आकारमानाचा वाटा सांगतो. त्या गर्दीतले चारदोन मोठे कण त्याच्या हिशेबातच येत नाहीत. रंगाच्या थराला मात्र एक कणही पुरतो.

आता क्लासिफायर, म्हणजे दळलेल्या मालातले बारीक आणि जाड कण हवेने वेगळे करणारं यंत्र. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा कॅल्साइटचा कण सेकंदाला जेमतेम ८ मिलिमीटर खाली येतो. एवढ्या बारीक मालात नुसत्या वजनावर निवड करायची तर दिवस जाईल. म्हणून पात्यांचा रोटर जोरात फिरवतात. ब्लोअर हवा पात्यांमधून आत ओढतो, फिरकी कणाला बाहेर फेकते. बारीक कण हवेबरोबर आत जातो आणि पुढे बॅग फिल्टरमध्ये उतरतो, जाड कण खाली रिजेक्टमध्ये पडतो. ढोबळ हिशेब असा की रोटरचा वेग दुप्पट केला तर कट, म्हणजे बारीक आणि जाड यांच्या सीमेवरचा कणाचा आकार, निम्म्यावर येतो. हवा दुप्पट केली तर कट वाढतो, पण १.४ पटच. त्यामुळे कणी आली की वेग वाढवा, हा शिफ्टमधला ठरलेला उपाय.

तोच केला. लेझरवर डी९७ १० वरून खाली सरकला, सगळे खूश. चाळणीवरची कणी मात्र कमी झाली नाही, उलट किंचित वाढली. मी हे आकडे घेऊन कंट्रोल रूममध्ये गेलो तेव्हा आमचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, चहा संपवत म्हणाले, "साहेब, मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, असं चाललंय आपलं."

मामांना काही ठाऊक होतं असं नाही, पण बोलले ते अगदी नेमकं. कणी पात्यांमधून येत असती तर वेग वाढवल्यावर कमी व्हायलाच हवी होती. म्हणजे ती रोटरमधून येतच नव्हती, रोटरला वळसा घालून येत होती. आणि फिरणारा रोटर जिथे स्थिर आउटलेटच्या गळ्याला भेटतो, त्या मिलिमीटरभर फटीखेरीज वळशाला जागा नव्हती. रोटरच्या आत दाब कमी असतो, त्यामुळे फट आसपासचा जाड माल आत ओढू पाहते. ते होऊ नये म्हणून तिथे स्वच्छ सील एअर सोडतात, म्हणजे फटीतली हवा सतत बाहेरच्या दिशेने वाहते. वेग वाढवला की रोटरच्या आतबाहेरच्या दाबातला फरकही वाढतो. कणी वाढली ती त्यामुळेच.

पॅनेलवर सील एअरचा काटा हिरव्या पट्ट्यात होता. मामा म्हणाले, "काटा तर बरोबर दाखवतोय." मी म्हटलं, "मामा, गेज बसवलाय कुठे ते बघा." गेज होता रेग्युलेटरजवळ, गळ्यापासून बराच लांब. मशीन बंद करून, लॉक लावून गळ्याजवळचा होज सोडवला आणि हवा सुरू केली. होजच्या तोंडाशी हात धरला तर झुळूकही नाही. आत बघतो तर कॉम्प्रेसरचं तेल, पाणी आणि कॅल्साइट मिळून राखाडी लगदा घट्ट बसला होता. लाइन तुंबलेली असल्यामुळेच गेज पूर्ण दाब दाखवत होता. रोटरची पाती, उघडलीच आहेत तर म्हणून, तपासली, धड होती.

होज बदलला, लाइन पुसून काढली, एअर ड्रायरचा ड्रेन जाम होता तो सोडवला. पहिला नमुना घेतला तर पुन्हा कणी! फोन वाजू लागले. पण डक्टमध्ये आणि बॅगांवर जुना माल चिकटलेला होता, तो निघून जायलाच हवा होता. तेवढं उत्पादन बाजूला काढलं, मग चाळणी स्वच्छ आली.

गेज आता गळ्यापाशी आहे. शिवाय फ्लो मीटर लावलाय आणि हवा ठरावीक मर्यादेखाली गेली की आत येणाऱ्या मालाचं फीड आपोआप बंद होतं. दर शिफ्टला चाळणीवर धुणंही सुरू केलं. लॅबने कुरकुर केली, कारण लेझरला लागतात काही मिनिटं आणि धुऊन-वाळवून वजन करायला बराच वेळ.

परत आलेला माल पुन्हा क्लासिफायरमधून काढायचा ठरला. कागदावर सोपं आहे. पण इतका बारीक माल हॉपरमध्ये कमान धरून बसतो, मग एकदम कोसळतो आणि गुठळ्या जशाच्या तशा रिजेक्टमध्ये जातात. शेवटी तो ताज्या फीडमध्ये थोडा थोडा मिसळूनच संपवावा लागला, आणि मामा हातोडी घेऊन हॉपरपाशी उभे.