आमची वाटचाल : गवई मधोमध बसला पाहिजे

इंदूरला जेल रोडवर आमचं दुकान आहे हे बऱ्याच जणांना माहीत आहे, पण आम्ही करतो काय हे लोक अजूनही चुकीचंच सांगतात. "ते ब्लूटूथवाले" म्हणतात. आम्ही ब्लूटूथवाले नाही. घरात गाणं नीट वाजेल अशी सिस्टिम आम्ही बसवून देतो. फोनवरून वायरशिवाय लावता येणं ही त्यातली सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात सोपी गोष्ट. आधी दोन चांगले स्पीकरचे बॉक्स, त्यांना चालवणारा एक प्रामाणिक अँप्लिफायर म्हणजे अँप, धड वायर आणि योग्य जागा.

बाबांनी सुरुवात रेडिओ दुरुस्तीने केली, मग टेप, मग डेक, मग 4440 नंबरच्या आयसीचे, म्हणजे चिपचे, अँप. या लाइनीत ज्याने हात काळे केलेत त्याला 4440 म्हणजे काय ते सांगायला नको, पानाच्या टपरीपासून टेम्पोपर्यंत तेच वाजायचं. बॉक्स आमचे मिस्त्री बनवायचे. मिस्त्री म्हणजे पगारी माणूस नाही, बाबांचे भागीदार, रुपयात चार आणे त्यांचे. 18 एमएमचा प्लाय, आतून आडव्या पट्ट्या, फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही, नुसता खिळा मारलेला त्यांना चालायचा नाही. बॉक्स तयार झाला की चारी बाजूंनी बोटाच्या पेराने ठोकून बघायचे आणि कुठे पोकळ वाजलं तर मागचं फळकूट पुन्हा उघडायचे, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. त्यांनी बनवलेले बॉक्स आजही रामबागेत, तिलक नगरला, सुदामा नगरला वाजतायत, फक्त स्पीकरच्या कडेचा फोम बदलून द्यावा लागतो, तो काय कोणाचाही झडतोच.

मधली वर्षं बरी गेली. मग ते शोरूम आलं.

नाव घेत नाही, इथले लोक ओळखतील. आमच्यापासून चार दुकानं सोडून, काचेचं दार, आत एसी, आणि दाराशी माणसाच्या उंचीचे लुकलुकणारे स्पीकर टॉवर. वर स्टिकर, 5000 वॉट पीएमपीओ. आमच्याकडे आलेलं गिऱ्हाईक म्हणायचं, "भिया, वो तो पाँच हजार वॉट दे रिया हे, तुम पचास वॉट के इत्ते पैसे ले रिये हो?" याला काय उत्तर देणार? पीएमपीओ ही मोजायची रीतच नव्हे, तो छापायचा आकडा आहे, बॉक्स विकणाऱ्याला वाटेल तो. खरा आकडा आरएमएस, म्हणजे सतत निघणारी ताकद. आणि तोही समजत नसेल तर मागचा अ‍ॅडॉप्टर बघा, 12 व्होल्ट 2 अँपिअर लिहिलं असेल तर झाले 24 वॉट. भिंतीतून 24 येतायत तर समोरून 5000 सतत निघणार कुठून? मी काउंटरवर अ‍ॅडॉप्टर उलटा करून हे दाखवायचो, लोक मान डोलवायचे आणि चार दुकानं पुढे जायचे. दिवे लुकलुकतात ना तिथे.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांनी महाराणी रोडच्या होलसेलवाल्यांना सांगायला सुरुवात केली की आम्ही दुकान गुंडाळतोय. ज्या माणसाकडून बाबांनी उभा जन्म उधारीवर माल उचलला आणि एक पैसा बुडवला नाही, तो एका सकाळी म्हणाला, आता कॅश द्या. त्याच पावसाळ्यात मिस्त्री गेले. दुकानाचा मागचा अर्धा भाग मोबाइल कव्हरवाल्याला भाड्याने द्यावा लागला आणि मिस्त्रींचं टेबल, त्यांची रंधे, क्लॅम्प, सगळं घरी जिन्याखाली आणून ठेवलं. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

आम्हाला वाचवलं रामबागेतल्या काकांनी. बँकेतून रिटायर, जुना वाडा, समोरची लांब खोली, आणि वेड फक्त एक, ख्याल गाणारे उस्ताद अमीर खाँ. इंदूरचा माणूस, 1974 ला गेले, पण काकांच्या खोलीत रोज संध्याकाळी झुमरा तालातला विलंबित ख्याल सुरू असतो. त्यांच्याकडे मिस्त्रींचे बॉक्स, आमचं अँप, आणि फोनवरून ऐकायला ब्लूटूथचा रिसीव्हर. घराला रंग काढला तेव्हा सगळं हललं. त्या शोरूमचा पोरगा टीव्ही बसवायला आला होता, त्यानेच बॉक्सच्या वायरी परत जोडून दिल्या. दुसऱ्या दिवशी काकांची तक्रार गेली तर त्यांचा माणूस आला, दोन मिनिटं ऐकलं, आणि म्हणाला अँप गेलंय, जुनं आम्ही एक्सचेंजमधे घेतो, नवीन टॉवर घ्या.

काकांनी मला फोन केला. "अरे, खाँसाहेब खोलीभर फिरतायत, एका जागी बसतच नाहीयेत. तू ये बघू आधी."

या एका वाक्यात रोग कळला. जुनी रेकॉर्डिंग मोनो असतात, दोन्ही बॉक्समधे अगदी तेच. म्हणून गवई दोन बॉक्सच्या बरोबर मधे, जिथे एकही बॉक्स नाही, तिथे बसलेला ऐकू यायला हवा. तसं नसेल आणि खर्जही, म्हणजे बेस, पातळ झाला असेल तर एका बॉक्सची लाल-काळी वायर उलटी आहे. एका स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, पुढे येतोय तेव्हा दुसरा मागे जातोय, दोघं मिळून एकमेकांचा आवाज खातायत. मी खिशातून दीड व्होल्टचा सेल काढला. वायर अँपकडून सोडवली, लाल टोक प्लसला, काळं मायनसला, क्षणभर टेकवलं, डावा कोन पुढे आला. उजव्याला टेकवलं, कोन आत गेला. काकांना बोट लावून बघायला सांगितलं. वायर सुलटी केली, गाणं लावलं, आणि काका उठून शोकेसकडे बोट दाखवत म्हणाले, "हे बघ, बसले!" अँप मी उघडलंसुद्धा नव्हतं.

पुढे काकांनी जे केलं ते कुठलीही जाहिरात करू शकली नसती. दर रविवारी चार माणसं घरी बोलवायचे, चहा पाजायचे, मोनो रेकॉर्ड लावायचे आणि विचारायचे, गवई कुठे बसलाय सांगा. मग आमचा नंबर द्यायचे. मागचा अर्धा भाग आम्ही सोडवला तो त्या रविवारांच्या ऑर्डरींवर.

वायरलेसचंही मी त्यांच्याच घरी पक्कं केलं. त्यांचा फोन सदऱ्याच्या खिशात असायचा, वळले की गाणं तुटायचं. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं, वायफायचा एक भाग आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच, आणि अंगातलं पाणी त्या लहरी शोषतं, म्हणून फोन आणि रिसीव्हरच्या मधे माणूस आला तरी फरक पडतो. रिसीव्हर लोखंडी कपाटामागे टाकला होता, तो वर मोकळ्यात आणला, तुटणं थांबलं. पण पुण्याहून मुलाचा फोन आला की गाणं बंद, ते काही ब्लूटूथमधे सुटेना. म्हणून त्यांना वायफायवर चालणारा स्ट्रीमर लावून दिला. त्यात गाणं फोनमधून जातच नाही, राउटरवरून थेट स्ट्रीमरकडे येतं, फोन फक्त रिमोट. फोन बंद करून झोपा, गाणं चालू राहतं.

आता कोणी विचारलेलं नाही तरी सांगतो. पन्नास हजारांची सिस्टिम घेऊन बॉक्स शोकेसमधे कोंबू नका. दोन बॉक्स आणि तुमची बसायची जागा यांचा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला, भिंतीपासून हातभर पुढे, कोपऱ्यात तर मुळीच नाही, तिथे खर्ज नुसता घुमतो. 8 ओहमच्या बॉक्सला साध्या खोलीत तांब्याची दीड एमएमची वायर भरपूर झाली, सोन्याच्या पिना विकत घेत बसू नका. मल्टीमीटर लावाल तर 8 ओहमचा स्पीकर सहा-सात दाखवेल, तो बिघडलेला नसतो, मीटर फक्त डीसीचा रोध मोजतो म्हणून तसं. "भिया, तार नी दिखना चिए" म्हणणाऱ्यांनी तार पट्टीखालून घ्यावी, पण घ्यावी. वायरलेस म्हणून विकतात त्या बॉक्सलाही पॉवरची वायर लागतेच ना.

आणि स्ट्रीमर असा घ्या की ज्याला मागे अँपची वायर जोडायला एक साधी ऑक्स किंवा आरसीए खाच आहे. एका मोठ्या कंपनीची छोटी गोल वायफाय डिव्हाइस 2015 मधे आली, स्वस्त आणि मस्त, आणि 2019 च्या सुरुवातीला त्यांनी ती बनवणंच बंद केलं. आमच्या गिऱ्हाइकांचे बॉक्स आणि अँप तसेच आहेत, फक्त पुढचं डबडं बदललं. ज्यांनी सगळं एकाच प्लॅस्टिकच्या बॉक्समधे घेतलं त्यांना अख्खं टाकावं लागतं.

ते शोरूम लॉकडाउननंतर उठलं, तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. त्यांचे टॉवर अजून लोक आमच्याकडे घेऊन येतात. वायरिंग आणि फेज, म्हणजे दोन्ही कोन एकदमच पुढे येतात का ते, तपासायचे पैसे आम्ही कोणाकडूनच घेत नाही, दुकानात आणा नाहीतर घरी बोलवा. पण पीएमपीओचं स्टिकर लावलेला बॉक्स आम्ही उघडत नाही, कोणीही कितीही म्हणालं तरी. मिस्त्रींचं टेबल जिन्याखालून काढून परत दुकानात मागे लावलंय, त्यांचा नातू फोम बदलायला शिकतोय, आणि नवीन बॉक्सची ऑर्डर दिवाळीच्या आधी हवी असेल तर गणपतीच्या आत सांगा, प्लाय वाळायला वेळ लागतो.