छत्तीस-तीसची रेघ

अमेरिकेच्या नकाशात ओक्लाहोमा राज्य शोधा. लांब दांड्याचा तवा आडवा ठेवावा तसा त्याचा आकार आहे. पश्चिमेकडे गेलेला तो दांडा जेमतेम अर्धा अंश, म्हणजे साधारण ५५ किलोमीटर रुंद आहे. त्याची खालची कड ३६ अंश ३० मिनिटांवर आहे, वरची ३७ अंशांवर. टेक्सास १८४५ मध्ये गुलामी चालू असलेलं राज्य म्हणून संघात आलं. त्याला घेतानाच्या ठरावात ३६ अंश ३० मिनिटांच्या वर गुलामीला मनाई होती. म्हणून १८५० मध्ये हद्द ठरवताना टेक्सासने त्या रेघेच्या उत्तरेचा आपला भाग सोडून दिला. पुढे कॅन्ससची दक्षिण सीमा ३७ अंशांवर आखली गेली आणि मधली पट्टी १८९० पर्यंत ना कुठल्या राज्यात होती, ना कुठल्या टेरिटरीत, म्हणजे अजून राज्य न झालेल्या केंद्राच्या प्रदेशात. गुलामीवर १८२० आणि १८५० मध्ये झालेल्या तडजोडींचा हा आजही नकाशावर दिसणारा उरलासुरला तुकडा.

या तडजोडींबद्दल साधारण असं सांगितलं जातं की गुलामी नसलेली उत्तर आणि गुलामी असलेली दक्षिण एका टेबलाशी बसल्या, थोडं तुझं थोडं माझं केलं आणि तीस-चाळीस वर्षं संघ टिकला. मतदानाचे आकडे पाहिले तर वेगळंच दिसतं.

आधी गणित. काँग्रेस म्हणजे अमेरिकी संसद; तिच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधिगृहात जागा लोकसंख्येवर मिळायच्या. १७८७ च्या घटनेने पाच गुलामांमागे तीन माणसं मोजायची सवलत दिली होती, तरी उत्तरेची लोकसंख्या भराभर वाढत होती. १८१९ च्या सुमारास तिथे उत्तरेच्या १०५ आणि दक्षिणेच्या ८१ जागा होत्या. सिनेटमध्ये मात्र राज्य लहान असो की मोठं, जागा दोनच. त्यामुळे दक्षिणेची सगळी भिस्त सिनेटवर. डिसेंबर १८१९ मध्ये अलाबामा आल्यावर ११ मुक्त राज्यं आणि ११ गुलाम राज्यं अशी बरोबरी झाली. नवं राज्य म्हणजे सिनेटची दोन मतं, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं उलगडत जातं.

मिझुरीने राज्याचा दर्जा मागितला तेव्हा तिथे सुमारे दहा हजार गुलाम होते. फेब्रुवारी १८१९ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स टॅलमॅज यांनी दुरुस्ती सुचवली: मिझुरीत नवे गुलाम आणायचे नाहीत, आणि राज्य झाल्यानंतर जन्मलेली गुलामांची मुलं पंचविसाव्या वर्षी मुक्त होतील. म्हणजे असलेला एकही गुलाम सुटणार नव्हता. तरी रणकंदन झालं. प्रतिनिधिगृहात पहिला भाग ८७ विरुद्ध ७६ आणि दुसरा ८२ विरुद्ध ७८ मतांनी मंजूर झाला. सिनेटने दोन्ही फेटाळले.

तिढा सुटला तो मेनमुळे. मेन हा तेव्हा मॅसॅच्युसेट्सचा भाग. वेगळं व्हायला मॅसॅच्युसेट्सची परवानगी होती, पण मुदत ४ मार्च १८२० ची. सिनेटने मेन आणि मिझुरी एकाच विधेयकात बांधले: मेन हवं असेल तर मिझुरीही घ्या, अटीशिवाय. त्यात इलिनॉयचे सिनेटर जेसी थॉमस यांनी कलम जोडलं की लुइझियाना खरेदीच्या, म्हणजे १८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेल्या मुलखाच्या, उरलेल्या प्रदेशात, मिझुरी वगळून, ३६ अंश ३० मिनिटांच्या उत्तरेला गुलामी कायमची बंद. ३६-३० कशाला? मिझुरीची दक्षिण सीमा बहुतांशी त्याच अक्षांशावर होती, एवढंच कारण. आग्नेय कोपऱ्यात एक शेंडी तेवढी ३६ अंशांपर्यंत खाली उतरते.

प्रतिनिधिगृहाला हे गाठोडं गिळेना. मग ते सोडून एकेक वस्तू वेगळी मतदानाला ठेवली. २ मार्च १८२० ला मिझुरीवरची अट काढायचा प्रस्ताव ९० विरुद्ध ८७ ने मंजूर झाला, तोही उत्तरेच्या १४ सदस्यांनी दक्षिणेबरोबर मत दिलं म्हणून. रेघेचं कलम १३४ विरुद्ध ४२ ने पास झालं. त्या ४२ मधले ३७ दक्षिणेचे होते आणि बाजूने मत देणारे दक्षिणेचे फक्त ३९. पुन्हा वाचा: उत्तरेने मिझुरी दिलं नाही, आणि दक्षिणेतल्या जवळजवळ निम्म्यांनी रेघ मान्य केली नाही. दोन वेगळी बहुमतं, दोन वेगळ्या गोष्टींवर, आणि मधले थोडेसे लोक दोन्हीकडे. करार म्हणतो आपण याला, पण त्यावर सही करणारा पक्षच नव्हता.

व्हर्जिनियाच्या जॉन रँडॉल्फना फेरविचाराचा प्रस्ताव मांडायचा होता. ९०-८७ चं बहुमत रात्रीत फिरू शकलं असतं. सभापती हेन्री क्ले यांनी त्या संध्याकाळी त्यांना दुसऱ्या दिवसावर ढकललं. ३ तारखेला सकाळी रँडॉल्फ उठले तर क्ले म्हणाले, आधी नेहमीचं कामकाज, अर्ज वगैरे होऊ द्या. तेवढ्यात त्यांनी विधेयकावर सही केली आणि लिपिकाने ते सिनेटमध्ये पोचतंही केलं. रँडॉल्फ पुन्हा उभे राहिले तेव्हा उत्तर तयार होतं: विधेयक आता या सभागृहाच्या ताब्यात नाही. नियमात बसतं की नाही यावर वाद घालता येईल, पण ‘महान तडजोडकार’ ही क्ले यांची पदवी थोडीफार अशा चलाखीवरही उभी आहे.

राष्ट्राध्यक्ष मन्रो यांनी सही करण्याआधी मंत्रिमंडळाला दोन प्रश्न विचारले. टेरिटरीत काँग्रेसला गुलामी बंद करता येते का? सगळ्यांचं उत्तर हो. त्यात साउथ कॅरोलायनाचे कॅल्हूनही होते, जे पुढे नेमकं उलट बोलू लागले. दुसरा प्रश्न असा, की ‘कायमची’ म्हणजे तो प्रदेश राज्य झाल्यावरही का? इथे मतं फुटली, म्हणून प्रश्नच असा बदलून विचारला की प्रत्येकाला हो म्हणता यावं. खरी फट ही. झाकून ठेवली, बुजवली नाही.

त्यानंतर जोड्या लावायचा धंदा सुरू झाला. आर्कान्सा १८३६, मिशिगन १८३७. फ्लोरिडा १८४५, आयोवा १८४६. टेक्सास १८४५, विस्कॉन्सिन १८४८. शिवाय १८३७ मध्ये वायव्येचा एक त्रिकोणी तुकडा मिझुरीला जोडला गेला. तो ३६-३० च्या उत्तरेला, कायद्याने मुक्त. त्यात गुलामी आली आणि फारसं कुणी ओरडलंही नाही.

मेक्सिकोकडून मिळालेल्या मुलखाने हा मेळ मोडला, कारण १८२० ची रेघ फक्त लुइझियाना खरेदीपुरती होती. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, माणसं धावली, आणि टेरिटरीची पायरी गाळून तो प्रदेश थेट मुक्त राज्य म्हणून दारात उभा राहिला. १५-१५ ची बरोबरी मोडणार होती आणि जोडीला द्यायला दक्षिणेकडे काही नव्हतं. क्ले यांनी पुन्हा सगळं एका गाठोड्यात बांधलं. ३१ जुलै १८५० ला ते सिनेटमध्ये सुटून पडलं. मग सिनेटर स्टीफन डग्लस यांनी १८२० चीच युक्ती केली: तुकडे करा, प्रत्येक तुकड्यासाठी वेगळं बहुमत जमवा. कॅलिफोर्निया ३४ विरुद्ध १८, आणि विरोधातले अठराही दक्षिणेचे. फरारी गुलामांचा कायदा २७ विरुद्ध १२, उत्तरेचे बरेच जण त्या वेळी सभागृहातच नाहीत. टेक्सासला न्यू मेक्सिकोवरचा दावा सोडण्यासाठी एक कोटी डॉलर मिळाले, आणि राजधानी वॉशिंग्टनमधला गुलामांचा व्यापार बंद झाला, गुलामी नव्हे.

१८५० च्या पाच कायद्यांत सगळ्यात महाग पडला तो फरारी गुलामांचा कायदा. पकडून आणलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नव्हती, ज्यूरी नव्हती. निर्णय देणाऱ्या कमिशनरला माणूस मालकाकडे पाठवला तर दहा डॉलर, सोडला तर पाच. जास्त कागदपत्रं लागतात म्हणून जास्त फी, असं समर्थन होतं. फरारी माणसाला मदत करणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आजवर गुलामीशी देणंघेणं नसलेल्या बॉस्टनच्या दुकानदारालाही आता मार्शलने, म्हणजे केंद्राच्या अंमलदाराने, हाक मारली तर माणूस पकडायला जावं लागणार होतं. बाकी चार कायद्यांनी जेवढी शांतता विकत घेतली, तेवढी या एकाने खर्च केली.

न्यू मेक्सिको आणि यूटा टेरिटरीत काय करायचं ते तिथल्या रहिवाशांनी ठरवावं, असं ठरलं. पण कधी? टेरिटरी असतानाच, की राज्य होताना? उत्तरेतल्या समर्थकांनी पहिला अर्थ लावला, दक्षिणेने दुसरा. शब्द मुद्दाम मोघम होते. १८५४ मध्ये डग्लस यांनी हेच सूत्र कॅन्सस-नेब्रास्कावर बसवलं. तो प्रदेश ३६-३० च्या उत्तरेला, म्हणून रेघ रद्द केली. सिनेटमध्ये ३७ विरुद्ध १४, प्रतिनिधिगृहात ११३ विरुद्ध १००.

रहिवासी म्हणजे कोण, हे तपासायची यंत्रणा जवळपास नव्हतीच. कॅन्ससमध्ये फेब्रुवारी १८५५ च्या गणनेत २,९०५ मतदार निघाले. ३० मार्चच्या मतदानात मतं पडली ६,३०७. मिझुरीतून हत्यारबंद टोळ्या मत टाकून घरी परतल्या होत्या. काँग्रेसच्या चौकशीत ४,९०८ मतं बेकायदा ठरली, पण निवडून आलेलं विधिमंडळ तेच राहिलं. गुलामी नको असलेल्या मुक्तवाद्यांनी टोपेकाला आपलं दुसरं सरकार उभं केलं. त्यातून गोळीबार सुरू झाला.

मार्च १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात ७ विरुद्ध २ ने लागलेल्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काँग्रेसला टेरिटरीत गुलामी बंद करता येतच नाही. ज्या रेघेला घटनाबाह्य ठरवलं ती तीन वर्षांपूर्वीच रद्द झाली होती. डिसेंबर १८६० मध्ये केंटकीच्या क्रिटेंडन यांनी तीच रेघ पॅसिफिकपर्यंत ओढून कधीही न बदलणाऱ्या घटनादुरुस्तीत घालायची, असा प्रस्ताव मांडला. तोही बारगळला.

२१ जानेवारी १८६१ ला जेफरसन डेव्हिस आणि दक्षिणेचे आणखी चार सिनेटर, त्यांची राज्यं संघातून फुटल्यामुळे, निरोपाची भाषणं करून सभागृहाबाहेर पडले. त्याच दिवशी सिनेटने कॅन्ससला मुक्त राज्य म्हणून ३६ विरुद्ध १६ ने मंजुरी दिली. जोडीला कुठलं राज्य, हे कुणी विचारलं नाही.