शिरेचं माप घेताना हात हलका हवा

डायलिसिससाठी फिस्टुला (हातातली धमनी आणि शीर यांची जोडणी) करायचं ठरलं की सर्जनकडून व्हेन मॅपिंगची, म्हणजे सोनोग्राफीने शिरा मोजून आखण्याची, चिठ्ठी येते. उलट रिपोर्ट जातो, ‘सेफॅलिक व्हेन (हाताच्या अंगठ्याकडच्या बाजूची वरवरची शीर) १.६ मिमी, अपुरी’. या एका ओळीवर मनगटाचा फिस्टुला बाद होतो. हा आकडा थंड खोलीत, पेशंट उताणा झोपलेला असताना, पट्टा न बांधता घेतला असेल तर त्याला काही किंमत नाही. गारठ्यात शीर आक्रसते आणि हात छातीच्या पातळीला असला की रिकामी होते.

म्हणून आधी शीर भरू द्यावी. पेशंटला बसवून हात खाली उशीवर टेकवायचा, गार असेल तर कोमट टॉवेल गुंडाळायचा. दंडाला टूर्निके (शीर फुगवणारा पट्टा) बांधून दोनेक मिनिटं थांबायचं. मनगटाची नाडी लागत राहील इतपतच घट्ट. प्रोब (कातडीवर टेकवायचं सोनोग्राफीचं यंत्र) लिनिअर, म्हणजे सपाट तोंडाचा, १० मेगाहर्ट्झच्या पुढचा. जेलमध्ये कंजुषी करायची नाही. पडद्यावर प्रोब आणि कातडीच्या मध्ये जेलचा काळा थर दिसत राहिला तर दाब पडत नाहीये. थर नाहीसा होऊन गोल शीर चपटी झाली, की समजावं हात जड पडला. नवशिक्यांचे निम्मे ‘बारीक’ रिपोर्ट इथेच तयार होतात.

माप आडव्या छेदात, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत घ्यायचं: मनगट, हाताचा मधला भाग, कोपर, दंड. पट्टा बांधून शीर २.५ मिमी आणि धमनी २ मिमी, ही साधारण मानली जाणारी हद्द. ती काळ्या दगडावरची रेघ नाही, पण खाली गेलात तर फिस्टुला न पिकण्याची, म्हणजे वापरण्याइतका मोठा न होण्याची, शक्यता वाढते. कातडीपासूनची खोलीही लिहावी, कारण ६ मिमीपेक्षा खोल शिरेत पुढे सुई घालताना हाल होतात. मग दर दोन सेंटिमीटरवर दाबून शीर पूर्ण मिटते का ते बघायचं. वारंवार सलाईन लावलेल्या हातात ४ मिमीच्या छान शिरेत मध्येच एक जाड भिंतीचा, न मिटणारा तुकडा निघतो. नुसती चार ठिकाणची मापं घेणाऱ्याला तो सापडत नाही.

धमनीत कॅल्शियम किती ते बघावं. मूठ दोन मिनिटं आवळून सोडली की रेडियल धमनीतला (मनगटाला नाडी लागते ती) डायस्टोलचा, म्हणजे हृदय सैल पडतानाचा, उलटा प्रवाह सुलटा व्हायला हवा आणि रेझिस्टिव्ह इंडेक्स (प्रवाहाला पुढे होणाऱ्या विरोधाचा आकडा) ०.७ च्या खाली यायला हवा. दंडात एकाऐवजी दोन धमन्या दिसल्या तर ब्रेकियल, म्हणजे दंडातली मुख्य धमनी, वरच दोन फाट्यांत फुटली आहे. हे ठळक लिहा, नाहीतर कोपरात सर्जन ब्रेकियल समजून बारीक रेडियलला टाके घालेल. मानेत कॅथेटर किंवा पेसमेकर होऊन गेलेल्या बाजूला सबक्लेव्हियन शिरेचा (गळ्याच्या हाडामागची) डॉप्लर आलेख, म्हणजे रक्तप्रवाहाच्या वेगाची रेघ, पाहिल्याशिवाय सोडू नये. हाडामागचं दिसत नाही, पण श्वासाबरोबर न हलणारी सपाट रेघ पुढचा अडथळा सांगून जाते.

बायपाससाठी पायातली सॅफेनस (पायाच्या आतल्या बाजूची लांब वरवरची शीर) आखताना गुडघा जरा वाकवून पाय बाहेर वळवलेला ठेवा, ऑपरेशनला असतो तसाच. सरळ पायावर काढलेली रेघ नंतर कातडीबरोबर सरकते. जेलवर मार्कर चालत नाही. जेल पुसत पुसत ठिपके द्यायचे आणि शेवटी जोडायचे.

स्थिती बदलली की चित्र बदलतं, हे काही दुर्मीळ आजारांत तर निदानाचं मूळच असतं. पॉप्लिटिअल एंट्रॅपमेंटमध्ये (गुडघ्यामागची धमनी स्नायूंमुळे दाबली जाणं) तरुण पेशंटची पोटरी धावताना भरून येते, झोपवून केलेला डॉप्लर मात्र निर्दोष. प्रोब गुडघ्यामागे धरून पेशंटला पाऊल हाताविरुद्ध खाली रेटायला लावावं. यात धडधाकट माणसांचीही धमनी दबू शकते, त्यामुळे लक्षणं आणि एमआरआयशी मेळ घातल्याशिवाय निदान लिहू नये. धमनीच्या भिंतीतच काळी, प्रवाह नसलेली गाठ दिसली तर सिस्टिक अ‍ॅडव्हेंटिशियल डिसीज (धमनीच्या बाहेरच्या थरात द्रवाची गाठ होणं) मनात आणा. त्यात गुडघा पूर्ण वाकवला की पावलातली नाडी जाऊ शकते.

मीडियन आर्क्युएट लिगामेंटचंही (श्वासपटलाचा तंतुमय पट्टा, जो खालची धमनी दाबू शकतो) तसंच. श्वास सोडल्यावर सीलिअ‍ॅक धमनीतला (जठर-यकृताला रक्त देणारी) वेग चढतो, खोल श्वास घेऊन धरला की उतरतो. वेगाच्या आकड्याशेजारी श्वास घेतलेला की सोडलेला हे लिहिलं नाही, तर पुढच्या तपासणीत त्याची तुलना कशाशी करणार?